‘सॉनी’ : स्कॉट लोकांच्या एका उपनांवाची चिकित्सा

(१) निमित्त

स्कॉटलंडच्या माणसास इंग्लंडांत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘सॉनी’ या उपनांवानें ओळखीत. आज तें नांव जवळ जवळ मेलें आहे व त्याच्या जागीं ‘जॉक’ हें दुसरें नांव बसलें आहे. आमच्या वाचकांस हा विषय दूरदेशींचा वाटेल. परंतु जुन्या कागदांवरून इतिहास लिहिणारांनीं ह्या मेलेल्या शब्दाची तपासणी करावी असें त्यांत बरेंच कांहीं आहे. उपनांव हा एका समाजानें दुसऱ्या समाजाच्या कपाळीं मारलेला शेरा होय. शेरा कोणीं मारला, केव्हां मारला, कोणत्या प्रसंगीं मारला, हें न पाहतां तो खरा मानला म्हणजे पुढें शेऱ्यावरून माणूस बनविला जातो. ‘सॉनी’च्या बाबतींत हें अक्षरशः घडलें आहे.

या विषयाकडे वळण्याचें निमित्त मात्र खासगी आहे. मी शाळेंत शिकवीत असतां एका पावसाळी दिवशीं, नेमलेला पाठ संपल्यावर, मुलांना ‘सॉनी बीन’ नांवाच्या स्कॉट नरभक्षकाची हकीकत सांगितली. इंग्रजी गोष्टींच्या एका पुस्तकांत ती सत्यकथा म्हणून दिलेली होती, व मींही ती तशीच सांगितली. मागल्या बाकावरील एका मुलानें विचारलें, “सर, एवढीं माणसें मारलीं, तर त्या खटल्याचा कागद कोठें आहे?” मीं त्यास “फार जुनी गोष्ट आहे, कागद राहिले नसतील” असें सांगून खालीं बसविलें. वर्ग हंसला, तास संपला. पण त्या मुलाचा प्रश्न योग्य होता आणि माझें उत्तर अयोग्य होतें. प्रस्तुत लेख हें त्या उत्तराचें उशिरा केलेलें शुद्धिपत्र समजावें.

(२) प्रचलित मत

‘सॉनी’विषयीं जें मत आज सर्वत्र आढळतें, तें मुख्यतः फ्रॅन्सिस ग्रोस याच्या १७८५ सालच्या कोशावरून पुढें चालत आलें आहे. ग्रोस हा स्वतः पुराणवस्तूंचा शोधक होता. स्कॉटलंडांतील प्राचीन वास्तूंवरील त्याच्या ग्रंथासाठींच रॉबर्ट बर्न्स कवीनें ‘टॅम ओ’ शँटर’ हें आपलें प्रसिद्ध काव्य लिहिलें व तें त्या ग्रंथांत १७९१ सालीं छापलें गेलें. तेव्हां ग्रोस हा स्कॉट लोकांचा द्वेष्टा नव्हता हें प्रथमच नमूद केलें पाहिजे. त्याचा कोश सभ्य भाषेचा नसून बाजारांतल्या, शिपायांच्या व चोरभामट्यांच्या बोलीचा आहे. त्यांत तो सांगतो तें थोडक्यांत असें : ‘सॉनी’ किंवा ‘सँडी’ हें स्कॉट माणसाचें सर्वसाधारण उपनांव, आयरिश माणसास जसें ‘पॅडी’ आणि वेल्श माणसास जसें ‘टॅफी’, तसेंच हें, तें अलेक्झांडर या नांवाचें घरगुती लघुरूप होय, आणि अलेक्झांडर हें नांव स्कॉट लोकांस फार प्रिय आहे.

ह्या नोंदींतील प्रत्येक विधान सुटें घेतलें तर खरें आहे. दोष आहे तो एवढाच कीं, शंभर वर्षांच्या अवधींत जो शब्द निदान चार वेळां अर्थ पालटून आला, त्याचें एका ओळींत चित्र काढलें आहे, आणि तें चित्र शांत व निरुपद्रवी आहे. वाचणारास वाटतें कीं, स्कॉटलंडांत अलेक्झांडर फार, म्हणून शेजाऱ्यांनीं सर्वांनाच अलेक्झांडर म्हटलें. यांत बिघडलें काय? कोशांत अर्थ असतो पण साल नसतें. आणि साल काढून घेतलें म्हणजे शिवीसुद्धां नामकरणासारखी दिसूं लागते. यास्तव प्रथम व्युत्पत्ति व नंतर कालक्रम असा विचार करूं.

(३) व्युत्पत्ति

अलेक्झांडर हें मूळ ग्रीक नांव. त्याचा पूर्वार्ध ‘रक्षण करणें’ या अर्थाच्या धातूपासून व उत्तरार्ध ‘पुरुष’ या अर्थाच्या शब्दापासून झाला आहे. तौलनिक व्याकरणकारांच्या मतें पूर्वार्ध हा आपल्या ‘रक्ष्’ धातूचा व उत्तरार्ध हा ‘नृ’ शब्दाचा सगोत्र आहे. म्हणजे ह्या नांवाचें संस्कृत भाषांतर ‘नररक्षक’ असें केलें तर तें भाषांतर न राहतां जवळ जवळ त्याचें भावंडच होतें. अशोकाच्या तेराव्या शिलाशासनांत ज्या पांच यवन राजांचीं नांवें आहेत त्यांत ‘अलिकसुदर’ आहे. तो जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, त्याच्या मागाहूनचा त्याच नांवाचा राजा होय. पुढें अरबी बोलणारांनीं आरंभींचें ‘अल्’ हें आपल्या भाषेंतील उपपद समजून तोडलें, आणि ‘इस्कंदर’, ‘सिकंदर’ हीं रूपें झालीं. मराठींत आपण ज्याचें दैव उघडलें त्याचें ‘नशीब सिकंदर’ म्हणतों.

याच नांवाची दुसरी शाखा पश्चिमेकडे गेली. स्कॉटलंडांत या नांवाचे तीन राजे झाले : पहिला ११०७ ते ११२४, दुसरा १२१४ ते १२४९ व तिसरा १२४९ ते १२८६. तेव्हांपासून हें नांव त्या देशांत रुजलें. डोंगराळ उत्तर भागांतील गेलिक भाषेंत त्याचें ‘अलस्टर’ झालें. दक्षिणेकडील सखल प्रदेशाच्या स्कॉट बोलींत ‘सँडी’ झालें. त्या बोलींत ‘न’काराच्या पुढील ‘ड’कार पुष्कळदां गळतो, तो गळून व स्वर लांबून ‘सॉनी’ असें रूप झालें. इंग्रजांनीं कानावर पडलें तसें तें लिहून घेतलें. सारांश, ‘सॉनी’ व ‘सिकंदर’ हीं एकाच घरचीं मुलें. एकाच्या वाट्यास भाग्य आलें, दुसऱ्याच्या वाट्यास उपहास.

व्युत्पत्ति इतकी स्वच्छ असूनही तिच्यावरून आपल्या प्रश्नाचा निकाल लागत नाहीं. आमच्या शास्त्रकारांनीं शब्दांचे यौगिक, रूढ व योगरूढ असे भेद केले, आणि योगापेक्षां रूढि बलवत्तर असा निर्णय दिला. पंकज म्हणजे चिखलांत जन्मलेलें. पण म्हणून चिखलांतल्या किड्यास कोणी पंकज म्हणत नाहीं. त्याचप्रमाणें ‘नररक्षक’ या योगार्थावरून लंडनच्या बाजारांत सॉनी म्हणजे काय हें कळणार नाहीं. त्यासाठीं रूढि कोणत्या सालीं कशी होती हें कागदांतच पाहिलें पाहिजे.

(४) ‘सॉनी’च्या आधींचीं नांवें

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्कॉट माणसास एक ठराविक नांव देण्याची इच्छा ‘सॉनी’हून जुनी आहे. शेक्सपिअरच्या पांचव्या हेन्रीवरील नाटकांत चार देशांचे चार कप्तान आहेत. गॉवर इंग्रज, फ्लुएलन वेल्श, मॅकमॉरिस आयरिश, आणि स्कॉट आहे त्याचें नांव ‘जेमी’. त्या काळीं स्कॉटलंडच्या गादीवर जेम्स नांवाचा राजा होता व त्याच्या मागें याच नांवाचे पांच राजे होऊन गेले होते. त्यामुळें ‘जेमी’ हें नांव सुचणें साहजिक होतें. पुढें १६०३ सालीं तोच जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. स्वतःच्या राजाचें नांव थट्टेंत वापरणें मग सोयीचें उरलें नसावें, असें माझें अनुमान आहे. तें केवळ अनुमान म्हणूनच देतों.

दुसरें नांव ‘जॉकी’. हें ‘जॉक’चें लघुरूप, आणि जॉक म्हणजे स्कॉट बोलींतील जॉन. परंतु १५९७ सालीं छापलेल्या तिसऱ्या रिचर्डवरील नाटकांत नॉरफोकचा ड्यूक जॉन हॉवर्ड, जो अस्सल इंग्रज, त्यासच ‘जॉकी’ म्हणून हिणविलें आहे. यावरून त्या काळीं ‘जॉकी’ हा कोणत्याही जॉनचा हलका उच्चार होता, स्कॉट लोकांची ती खूण ठरलेली नव्हती, हें दिसतें. घोड्यांच्या शर्यतींत बसणारास जॉकी म्हणतात तो शब्दही यांतूनच निघाला.

(५) रंगभूमीवरील सॉनी

‘सॉनी’ हें नांव स्कॉट मनुष्याचें प्रतीक म्हणून ठळकपणें प्रथम दिसतें तें रंगभूमीवर. जॉन लेसी नांवाच्या नटानें शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकाचें रूपांतर केलें. त्यांत कथानक इटलींतून लंडनला आणिलें, आणि मूळच्या ग्रूमिओ या चाकराच्या जागीं ‘सॉनी’ नांवाचा स्कॉट चाकर घातला. ती भूमिका लेसी स्वतः करी. सॅम्युएल पीप्स यानें तें नाटक ९ एप्रिल १६६७ रोजीं पाहिलें. त्याच्या रोजनिशींत तक्रार आहे कीं, सॉनीचें सोंग उत्तम, पण त्याची भाषाच आपल्यास कळली नाहीं, म्हणून निम्मी गोडी गेली.

संग्राहकांनीं येथें थोडें थांबावें. हें नाटक छापलें गेलें १६९८ सालीं, म्हणजे लेसी मेल्यानंतर सतरा वर्षांनीं. पीप्सची रोजनिशी लघुलिपींत होती. ती प्रथम प्रसिद्ध झाली १८२५ सालीं. म्हणून ग्रोससारख्या अठराव्या शतकांतील शोधकापुढें फक्त १६९८ चें छापील पुस्तक होतें. त्यावरून कोणी शब्दाचें वय ठरवील तर तीस वर्षांनीं चुकेल. छापाचें साल म्हणजे शब्दाचें जन्मसाल नव्हे, हा धडा आपल्या बखरींच्या बाबतींत आपण शिकलों आहों. परक्यांच्या कागदांस तो लावावयास विसरूं नये.

दुसरें म्हणजे येथें सॉनी हंसवितो तो त्याच्या भाषेमुळें व अडाणीपणामुळें. द्वेष अद्याप नाहीं. १६७९ सालीं टॉमस डर्फीनें आपल्या एका नाटकांत सॉनीवर गाणें घातलें. त्यांतील सॉनी उंच, देखणा आणि एका तरुणीस सोडून जाणारा प्रियकर आहे. त्या काळीं लंडनच्या नाटकगृहांत ‘स्कॉट पद्धतीचीं’ म्हणून जीं गाणीं चालत तीं पुष्कळशीं लंडनांतच रचलेलीं असत, आणि त्यांत जॉकी, जेनी, सॉनी हीं नांवें आलटून पालटून येत. अभिधेनें अलेक्झांडर, लक्षणेनें खेडवळ स्कॉट, अशी ही दुसरी पायरी.

तिसरी पायरी १६९९ च्या सुमाराची. केवळ आद्याक्षरांनींच ज्याचा कर्ता माहीत आहे अशा एका भामटी भाषेच्या कोशांत ‘सॉनी’ याचा अर्थ मूर्ख, भोळसट असा दिला आहे. स्कॉट बोलींत मात्र तें केवळ अलेक्झांडरचें रूप होय, एवढीच पुस्ती तेथें जोडली आहे. कांहीं कोशकारांना हा शब्द ‘झॅनी’ म्हणजे विदूषक यापासून निराळाच आलेला असावा असें वाटतें. ‘झॅनी’ हें इटालियन जॉनचें, म्हणजे जोव्हानीचें लघुरूप. तसें असेल तर येथें दोन निराळे शब्द उच्चारसाम्यामुळें एकमेकांत मिसळले, आणि स्कॉट माणसाच्या नांवावर मूर्खपणा विनाकारण चढला. सारख्या उच्चाराचे दोन शब्द भेटले म्हणजे बळकट अर्थ दुबळ्या अर्थास गिळतो, हा अनुभव कोणत्याही भाषेच्या अभ्यासकास आहे.

(६) एक विलक्षण साक्ष

याच सुमारास अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीच्या संबंधांत दोन कागद सांपडतात, ते एकापुढें एक ठेवून वाचावे. १७१९ सालीं ॲडिसन वारला. एडिंबरोच्या ॲलन रॅम्से कवीनें त्याच्यावर एक गोपगीत रचलें. त्यांत शोक करणारे दोन मेंढपाळ आहेत, ‘रिची’ आणि ‘सँडी’. रिची म्हणजे रिचर्ड स्टील आणि सँडी म्हणजे पोप. नऊ वर्षांनीं, १७२८ सालीं, पोपनें ‘डन्सिअड’ काव्यांत पुष्कळांची रेवडी उडविली, तेव्हां जेम्स राल्फ यानें उलट काव्य लिहून पोपला ठोकून काढलें. त्या काव्याचें नांवच ‘सॉनी’.

मनुष्य एकच, मूळ नांव एकच, आणि तो मनुष्य स्कॉटही नाहीं. तरी प्रेमानें बोलावयाचें झालें तेव्हां सँडी, आणि हिणवावयाचें झालें तेव्हां सॉनी. ग्रोसनें १७८५ सालीं हीं दोन रूपें एकाच नोंदींत पर्यायशब्द म्हणून बसविलीं. परंतु त्याच्या सत्तावन वर्षें आधींच त्यांची वाटणी होऊन गेली होती. ‘सॉनी’ केवळ स्कॉट म्हणून नव्हे, तर शब्द म्हणूनच उतरला होता, हें ह्या दोन कागदांवरून सिद्ध होतें. माझ्या मतें सर्व प्रकरणांत ही सर्वांत मोलाची साक्ष आहे, आणि उपनांवांच्या याद्या करणारांनीं तिचा उपयोग करावयास पाहिजे होता.

(७) शिवी

१७०७ सालीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचीं राज्यें एक झालीं. १७४५ सालीं स्ट्यूअर्ट घराण्याच्या चार्ल्सनें बंड उभारलें, त्याची फौज डर्बीपर्यंत आली, आणि १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर तिचा निःपात झाला. याच १७४५ सालीं लंडनांत एक चित्र छापून विकलें गेलें. त्यांत सॉनी शौचकूपांत बसला आहे, आणि ती वस्तु कशी वापरावी हें न कळल्यामुळें त्यानें दोन भोंकांत दोन पाय घातले आहेत. हें चित्र १७६२ सालीं पुन्हां निघालें, आणि १७७९ सालीं गिल्रे या नामांकित व्यंगचित्रकारानें तोच विषय पुन्हां काढला. तीन वेळां छापण्याइतकें गिऱ्हाईक त्या विनोदास होतें.

चित्रांतील एक विसंगति मात्र पाहण्यासारखी आहे. सॉनीच्या अंगावर पोषाख आहे तो डोंगराळ प्रदेशांतील चौकटींच्या कापडाचा. डोंगराळ प्रदेशाची भाषा गेलिक, आणि गेलिकांत अलेक्झांडरचें रूप अलस्टर होतें. सॉनी हें रूप सखल प्रदेशाचें. तेव्हां चित्रकारानें एका भागाचें नांव दुसऱ्या भागाच्या वस्त्रांत गुंडाळलें आहे. कलोडनला सखल प्रदेशांतील पुष्कळ स्कॉट सरकारच्या बाजूनें लढले, हें त्यास माहीत नसावें किंवा माहीत असण्याची गरज वाटली नसावी. शिवीचें हेंच लक्षण आहे. ती देतांना भेद दिसेनासे होतात.

१७६२ सालीं चित्र पुन्हां निघण्याचें कारण राजकीय. त्या वर्षीं मे महिन्यांत अर्ल ऑफ ब्यूट हा स्कॉट सरदार मुख्य प्रधान झाला. त्याचें नांव जॉन, शिक्षण ईटनचें. तरी त्याच्याविरुद्धच्या चित्रांत सॉनी सर्वत्र फिरूं लागला. नांव जॉन असून त्याच्या पक्षास सॉनी म्हणतात, यावरून योगार्थ पूर्ण सुटून रूढि पक्की झाल्याचें दिसतें. याच वेळीं दुसरीही एक गोष्ट घडली. एकीकरणानंतर कित्येक स्कॉट लोक आपणांस अभिमानानें ‘उत्तर ब्रिटन’ म्हणवून घेत. जॉन विल्क्सनें ब्यूटवर तुटून पडण्यासाठीं जून १७६२ मध्यें जें पत्र काढलें त्याचें नांव मुद्दाम ‘द नॉर्थ ब्रिटन’ असें ठेवलें. स्वतः घेतलेलें सभ्य नांवही दुसऱ्यानें तोंड वेडावून उच्चारलें कीं तें टोमणा होतें. म्हणजे शब्दांत मुळचें विष असावें लागतें असें नाहीं.

(८) सॉनी बीन

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊं. सॉनी बीनची गोष्ट अशी : पूर्व लोदिअन परगण्यांतील हा इसम पश्चिम किनाऱ्यावरील एका समुद्रगुहेंत जाऊन राहिला. पंचवीस वर्षें वाटसरूंस मारून त्यांचें मांस खाऊन त्याचा वंश वाढला. आठ मुलगे, सहा मुली, अठरा नातू, चौदा नाती. अखेर राजा जेम्स चारशें माणसें घेऊन गेला, कुत्र्यांच्या साहाय्यानें गुहा सांपडली, आणि सर्वांस लीथ येथें आणून चौकशीवांचून मारलें.

हा जेम्स कोणता, याविषयीं सांगणारांत एकवाक्यता नाहीं. कोणी पंधराव्या शतकांतील पहिला जेम्स म्हणतात, कोणी सहावा. सहाव्या जेम्सच्या काळचीं प्रिव्ही कौन्सिलचीं दप्तरें व खजिन्याचे हिशोब आजही उपलब्ध आहेत. राजा स्वतः चारशें लोक घेऊन गेला तर घोड्यांच्या दाण्याचा तरी खर्च कोठें पडेल. तसा कागद नाहीं. गोष्ट सांपडते ती अठराव्या शतकांतील सुट्या पत्रकांत, बाजारी चोपड्यांत आणि दरोडेखोरांच्या चरित्रसंग्रहांत. ‘चौकशीवांचून मारलें’ हें कलमही विचार करण्यासारखें आहे. खटला झाला नाहीं असें गोष्टींतच सांगून टाकलें म्हणजे कागद मागण्याची सोयच उरत नाहीं.

गोष्टीचें बीज मात्र जुनें आहे. सोळाव्या शतकांतील लिंडसे ऑफ पिट्स्कॉटी याच्या बखरींत डंडीच्या बाजूस माणसें खाणाऱ्या एका कुटुंबाची हकीकत आहे. पण तेथें सॉनी नाहीं, बीन नाहीं, पश्चिम किनाऱ्याची गुहाही नाहीं. ही बखर छापली गेली १७२८ सालीं. तिच्यापासूनच बीनची गोष्ट निघाली असें एवढ्यावरून म्हणतां येणार नाहीं. इतकें मात्र खात्रीनें म्हणतां येतें कीं, जुन्या हकीकतींत नायक निनांवी होता, आणि त्यास ‘सॉनी’ हें नांव ज्या शतकांत मिळालें त्या शतकांत सॉनी म्हणजे रानटी स्कॉट असा अर्थ लंडनच्या बाजारांत ठरून गेला होता. ही गोष्ट स्कॉट लोकांच्या निंदेसाठींच रचली असें कित्येक आधुनिक अभ्यासक सुचवितात. तें मत मी सर्वस्वीं स्वीकारीत नाहीं, कारण स्कॉट वाचकांनींही ती आवडीनें वाचली, एस्. आर्. क्रॉकेट या स्कॉट कादंबरीकारानें १८९६ सालीं ती आपल्या पुस्तकांत घेतली, आणि बेनेन टोकाजवळची गुहा आजही पाहुण्यांना दाखविली जाते. निंदा म्हणून आलेली वस्तु घरांत शोभेस ठेवण्याची रीत जगांत सर्वत्र आहे. तथापि नांवानें माणूस घडविला, माणसाला नांव मिळालें नाहीं, हा निष्कर्ष टळत नाहीं.

(९) ‘जॉक’चें भाग्य

एकोणिसाव्या शतकांत सॉनी मागें पडत गेला. लंडनच्या चोरांच्या बोलींत तर त्याचा अर्थ डुकराचें खारवलेलें मांस एवढाच उरला. त्याच्या जागीं आलेला ‘जॉक’ मात्र टिकला. याचें कारण मला असें दिसतें कीं, जॉक हें नांव स्कॉट लोकांच्या स्वतःच्या घरांत होतें. आपण सगळे एकाच जॉक टॉमसनचीं लेंकरें, असें म्हणून माणसामाणसांतली बरोबरी सांगण्याची त्यांची म्हण आहे. पहिल्या महायुद्धांत स्कॉट पलटणींतील शिपायास जॉक म्हणत, आणि तसें म्हणणारे बहुधा त्यांचेच अंमलदार असत. इअन हे याच्या १९१५ च्या पुस्तकानें अशा पलटणीचें चित्र घरोघर पोंचविलें. २००६ सालीं जुन्या स्कॉट पलटणी एकत्र करून नवी पलटण उभारली, तरी शिपाई जॉकच राहिले. पण हाच शब्द परक्यानें चढ्या सुरांत उच्चारला तर भांडण होतें. सॉनी हा बहुतेक परक्यांच्याच तोंडीं राहिला, म्हणून द्वेष ओसरल्यावर त्यास सांभाळणारें कोणी उरलें नाहीं.

(१०) आपल्या दप्तरासंबंधीं

एलफिन्स्टन डंबार्टनचा, माल्कम डम्फ्रीसच्या बाजूचा, ग्रँट डफ बॅन्फचा; हे तिघेही स्कॉट. परंतु आपल्या कागदांत यांस इंग्रज किंवा सरसकट ‘टोपीकर’ म्हटलें आहे. लंडनच्या चित्रकारास डोंगरी व सखल हा भेद दिसला नाहीं, तसा आपल्या कारकुनांस इंग्रज व स्कॉट हा भेद दिसला नाहीं. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. पण तो कागद वाचणारानें तो भेद मनांत ठेवावा. उलट मोगलांच्या फारशी कागदांत मराठ्यांस ‘गनीम’ म्हणजे शत्रु म्हटलें आहे, आणि आपण ‘गनिमी कावा’ हा शब्द छाती पुढें काढून वापरतों. हा जॉकचा मार्ग झाला. ‘मराठा’ शब्द ‘मर’ आणि ‘हट’ यांपासून काढणारी व्युत्पत्ति हा सॉनीचा मार्ग. कानास गोड लागली म्हणून तिच्यावर स्वभाववर्णन उभें केलें जातें. ग्रँट डफच्या इतिहासावर कीर्तन्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत टीका केली, तेव्हां परक्यानें मारलेले शेरे कागद घेऊन तपासण्याची वाट त्यांनींच आपणांस दाखविली. ती वाट दोन्ही दिशांनीं चालावी. ज्या चाळणींतून ग्रँट डफला गाळावयाचें, तिच्यांतूनच त्याच्या देशबांधवांविषयींच्या गोष्टीही गाळाव्या.

एखादा जुना इंग्रजी कागद, चित्र किंवा चोपडी हातीं आली आणि तींत सॉनी भेटला, तर संग्राहकानें तीन गोष्टी टिपून ठेवाव्या. लिहिणारा कोण, स्कॉट कीं परका. रचनेचें साल व छापाचें साल निरनिराळें आहे काय. आणि सॉनीच्या अंगावर वस्त्र कोणत्या प्रदेशाचें आहे. एवढें टिपलें तर कोशांतली ओळ पुरी होईल.

माझ्या त्या विद्यार्थ्यास आतां उत्तर देतां येतें. खटल्याचा कागद नाहीं, कारण खटला झाल्याची साक्षच नाहीं; आणि सॉनी बीन नांवाचा मनुष्य होऊन गेला असें मानण्यास एका उपनांवापलीकडे आधार नाहीं. हें उत्तर त्यास त्याच दिवशीं, त्याच वर्गांत मिळावयास पाहिजे होतें.